एक्स-रे, सीटी, एमआरआयची फिल्म सांभाळायची कशी: नाशिकच्या तिन्ही ऋतूंसाठी सविस्तर मार्गदर्शन

फिल्म काळी पडली, धुरकट आली, त्यावर ठिपके उठले की पहिला संशय मशिनवर जातो. सर्व्हिस इंजिनिअरला फोन होतो, एक्स्पोजर कमी-जास्त करून पाहिलं जातं. पण दोष बऱ्याचदा मशिनपासून दूर असतो. कधी तो साठ्याच्या कपाटात असतो, कधी एसी खोलीतून बाहेर आणून लगेच उघडलेल्या खोक्यात, तर कधी पेशंटनं हौसेनं करून घेतलेल्या लॅमिनेशनमध्ये. फिल्म ही उष्णता, ओल, दाब, वास आणि किरण या सगळ्यांची नोंद ठेवणारी वस्तू आहे. आपल्याला हवी ती प्रतिमा तिच्यावर उमटते तशीच नको असलेलीही उमटते.

नाशिकमध्ये हे काम थोडं अवघड आहे, कारण इथे तिन्ही ऋतू आपापला वेगळा दोष घेऊन येतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल सुटते आणि डिसेंबर-जानेवारीत कोरड्या थंडीत स्वेटर काढताना ठिणग्या उडतात. हा लेख एक्स-रे सेंटर आणि लहान हॉस्पिटल चालवणाऱ्यांसाठी, टेक्निशियनसाठी आहे. पेशंटनं घरी फिल्म कशी ठेवावी याचाही एक भाग पुढे आहे. तो पेशंटला तोंडी समजावून सांगता यावा अशाच भाषेत लिहिला आहे.

आधी फिल्म ओळखा

सगळ्या फिल्म सारख्याच दिसतात, निळसर आणि लवचिक. पण त्यांच्यात चार जाती आहेत आणि प्रत्येकीला वेगळी गोष्ट बाधते.

पहिली ओली, म्हणजे डार्करूममध्ये डेव्हलपर (प्रतिमा उमटवणारं रसायन) आणि फिक्सर (न वापरलेली चांदी काढून प्रतिमा पक्की करणारं रसायन) यांत धुतली जाणारी. हिच्या पॉलिएस्टर बेसवर चांदीच्या क्षारांचा थर असतो, बहुधा दोन्ही बाजूंनी. धुण्याआधी ती उजेड, किरण, उष्णता, रसायनांचा वास या सगळ्यालाच नाजूक असते. पण नीट फिक्स करून नीट धुतली, तर या चौघींत सर्वांत टिकाऊ तीच.

दुसरी ड्राय लेझर फिल्म. हिच्यावर लेझरनं प्रतिमा उमटते आणि प्रिंटरच्या गरम ड्रमवर, साधारण 120 अंश सेल्सिअसच्या आसपास, ती प्रकट होते. यात फिक्सर नसतो. हा मुद्दा नीट लक्षात ठेवा, कारण पुढची निम्मी काळजी त्यातूनच निघते. फिक्सर नाही म्हणजे न वापरलेली चांदीची संयुगं धुऊन जात नाहीत. ती फिल्ममध्येच राहतात आणि पुन्हा उष्णता मिळाली की काळी पडायला लागतात.

तिसरी डायरेक्ट थर्मल. प्रिंटरचं गरम हेड थेट फिल्मवर प्रतिमा उठवतं. ही उजेडाला घाबरत नाही, खोलीच्या उजेडात भरता येते. उष्णतेला मात्र छापण्याआधीही घाबरते आणि छापल्यावरही.

चौथी इंकजेट फिल्म. हिची शत्रू ओल आणि घासणं.

साठ्यात जुनी, लेबल गेलेली फिल्म सापडली तर एका वाया गेलेल्या तुकड्यावर परीक्षा करा. कोपऱ्याला क्षणभर गरम इस्त्री टेकवा. तो भाग काळा पडला तर फिल्म ड्राय आहे, म्हणजे ड्राय लेझर किंवा डायरेक्ट थर्मल. काळा न पडता नुसता वाकडा झाला तर ओली किंवा इंकजेट. मग दुसऱ्या कोपऱ्यावर छापलेल्या भागात पाण्याचा थेंब टाकून अर्ध्या मिनिटानं पुसा. रंग पसरला तर इंकजेट.

माल येतो तेव्हा

नाशिकला माल बहुधा मुंबई-पुण्याहून टेम्पोनं येतो. मे महिन्याच्या दुपारी बंद टेम्पोत तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच चढतं आणि खोकी त्यात तासन् तास तापतात. म्हणून उन्हाळ्यात सप्लायरला दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा: माल रात्रीच्या गाडीनं येऊ दे, आणि सकाळी अकराच्या आत पोहोचू दे. दुपारी आलेली खोकी रिसेप्शनच्या काचेच्या दारापाशी संध्याकाळपर्यंत पडून राहणं ही फार नेहमीची चूक आहे.

खोकं घेताना सहाही बाजू पाहा. दबलेला कोपरा, ओलीचा डाग, पुन्हा चिकटवलेली टेप यांपैकी काहीही दिसलं तर सही करण्याआधी चलनावर तसं लिहा. एक्स्पायरीची तारीख आणि लॉट नंबर रजिस्टरमध्ये उतरवून घ्या, आणि प्रत्येक पाकिटाच्या कडेला मार्करनं आल्याची तारीख लिहा. खोकं रॅकवर उभं राहिल्यावर जी कड दिसते, तीवरच लिहा. साठा मोजून मागवा. रोज 8×10 इंचाच्या 30 फिल्म लागत असतील तर महिन्याला 900, म्हणजे 100 फिल्मची 9 पाकिटं. त्यावर आठवड्याची भर धरली तर 11-12 पाकिटं पुरतात. स्कीममध्ये स्वस्त मिळाली म्हणून मार्चमध्ये सहा महिन्यांचा साठा घेतला, तर तो अख्खा उन्हाळा आणि अर्धा पावसाळा आपल्या कपाटात काढतो. वाचलेले पैसे तिथेच जातात.

साठ्याची जागा

न वापरलेल्या फिल्मसाठी 10 ते 24 अंश तापमान आणि 30 ते 50 टक्के आर्द्रता हे सर्वसाधारण सूत्र. पाकिटावर छापलेली मर्यादा वेगळी असेल तर पाकिटावरचं पाळा. आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे स्थैर्य. दिवसभर 22 आणि रात्री एसी बंद झाल्यावर 33, अशा खोलीपेक्षा चोवीस तास 25 ला राहणारी आतली, खिडकी नसलेली खोली बरी.

म्हणून पहिली खरेदी थर्मामीटर-हायग्रोमीटरची करा, किमान-कमाल आकडा लक्षात ठेवणारा डिजिटल. तो रॅकच्या मधल्या फळीवर, खोक्यांच्या शेजारी ठेवा. एसीच्या झोताखाली टांगला तर तो एसीचं तापमान सांगेल, फिल्मचं नाही. रोज सकाळी दार उघडल्या उघडल्या रात्रीचा कमाल आकडा लिहून घ्या. पंधरा दिवसांच्या नोंदीत खोलीचा खरा स्वभाव कळतो.

रॅक जमिनीपासून किमान 15 सेंमी उंच आणि भिंतीपासून 10 सेंमी दूर ठेवा. पश्चिमेकडची भिंत उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत गरम लागते आणि पावसाळ्यात बाहेरची भिंत ओली होते, त्यामुळे रॅक आतल्या भिंतीला हवा. गोदाकाठच्या भागात, म्हणजे सराफ बाजार, भांडी बाजार, पंचवटीच्या खालच्या अंगाला तळघरात किंवा तळमजल्यावर साठा ठेवूच नका. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर चढलं हे सगळं शहर पाहतं. तोवर खोकी हलवायला उशीर झालेला असतो.

खोकी पुस्तकांसारखी उभी ठेवा, एकावर एक आडवी कधीच नाही. 14×17 इंचाचं पाकीट हातात घेऊन पाहा, चांगलंच जड असतं. अशी सहा-सात पाकिटं आडवी रचली तर तळातल्या फिल्मवर दाबाचे डाग पडतात आणि दमट हवेत त्या एकमेकींना चिकटतात. मग प्रिंटरमध्ये दोन फिल्म एकदम ओढल्या जातात आणि जॅम होतो. प्रिंटर बिघडला असं वाटतं, पण दोष रचण्यात असतो. जुन्या तारखेचं पाकीट पुढे, नवं मागे.

आता शेजार. लहान हॉस्पिटलमध्ये एकच स्टोअर असतं आणि त्यात पॅथॉलॉजीचं फॉर्मेलिन, हायड्रोजन पेरॉक्साइड, फिनाईल, थिनर सगळं एकत्र नांदतं. यांच्या वाफा खोक्याच्या पुठ्ठ्यातून आत शिरतात आणि फिल्मला फॉग, म्हणजे धुरकटपणा, आणतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ आणि फ्रिजच्या डोक्यावर तर कधीच ठेवू नका. दिवाळीआधी रंगकाम काढलं असेल तर त्या खोलीतला साठा आधी हलवा आणि ऑइलपेंटचा वास पूर्ण जाईपर्यंत, किमान तीन-चार आठवडे, परत आणू नका. ताज्या ऑइलपेंटमधून निघणारे पेरॉक्साइड चांदीच्या थरावर काम करतात, आणि हे नुकसान छापून आल्याशिवाय डोळ्याला दिसत नाही.

स्टोअरची भिंत एक्स-रे खोलीला लागून असेल तर किरणांची खात्री करून घ्या. ओल्या फिल्मसाठी सोपी चाचणी अशी: डार्करूममध्ये एक फिल्म उजेड न शिरणाऱ्या काळ्या पाकिटात बंद करा, पाकिटावर लोखंडी किल्ली टेपनं चिकटवा आणि किल्ली एक्स-रे खोलीच्या बाजूला येईल असं ते रॅकवर उभं करा. दोन आठवड्यांनी फिल्म धुवा. किल्लीची फिकट आकृती दिसली तर किरण पोहोचताहेत. साठा दुसऱ्या भिंतीला न्या आणि खोलीच्या संरक्षणाची तपासणी रेडिएशन सेफ्टी ऑफिसरकडून करून घ्या. तो प्रश्न आता फिल्मपुरता राहिलेला नसतो.

पावसाळ्यातलं दव

सर्वांत जास्त फिल्म इथे खराब होतात आणि सर्वांत कमी लक्षही इथेच असतं, म्हणून हे जरा हिशेबासह सांगायला हवं.

जुलैमध्ये एसी नसलेल्या कॉरिडॉरमध्ये तापमान 26 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असणं नाशिकला नवीन नाही. अशा हवेचा दवबिंदू साधारण 23 अंश असतो. दमट हवेसाठी ढोबळ हिशेब असा: आर्द्रता 100 पेक्षा जितके टक्के कमी, त्याला 5 नं भागा आणि येणारा आकडा तापमानातून वजा करा. 15 भागिले 5 म्हणजे 3. 26 वजा 3 म्हणजे 23. याचा अर्थ, 23 पेक्षा थंड असलेली कोणतीही वस्तू त्या कॉरिडॉरमध्ये आणली की तिच्यावर पाणी धरणार. फ्रिजचीच गरज नाही. 20-21 अंशांच्या एसी स्टोअरमधून काढलेलं पाकीटही पुरे.

पाकीट बंद असताना हे पाणी बाहेरच्या वेष्टनावर बसतं, पुसलं की संपलं. पण तसंच थंड पाकीट कापलं तर दमट हवा आत शिरते आणि थंड फिल्मच्या कडांवर दव धरतं. चष्मा घालून एसी गाडीतून उतरल्यावर काच जशी धुरकट होते, अगदी तसंच. कडेच्या दोन-तीन सेंमी पट्ट्यात थर फुगतो, वरच्या पाच-सहा फिल्म एकमेकींना चिकटतात आणि सोडवताना थराचा पापुद्रा निघतो. छापल्यावर कडेला ढगासारखे डाग दिसतात.

उपाय वेळेचा आहे:

1. उद्या लागणारं पाकीट आज संध्याकाळीच स्टोअरमधून काढून प्रिंटरच्या खोलीत ठेवा, न फोडता.
2. एसी स्टोअरमधून काढलेलं सुटं पाकीट किमान तीन-चार तास, फ्रिजमधलं पाकीट रात्रभर, आणि पूर्ण भरलेलं मोठं खोकं चोवीस तास तसंच राहू द्या.
3. फोडण्याआधी वेष्टनावर कोरडा तळहात टेकवा. गार लागलं किंवा ओलसर लागलं तर अजून वेळ आहे.
4. फोडल्यानंतर उरलेल्या फिल्म आतल्या काळ्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड दोनदा दुमडा. फोडलेलं पाकीट पुन्हा फ्रिजमध्ये ठेवू नका. आत शिरलेली ओल तिथे फिल्मवरच बसेल.

सिलिका जेलच्या पुड्या फोडलेल्या पाकिटांच्या डब्यात ठेवता येतात, पण रंग बदलला की त्या बदलाव्या लागतात. खोली दमट असेल तर खरा उपाय डीह्युमिडिफायर. पुड्यांनी खोली कोरडी होत नाही.

थंडीतल्या ठिणग्या

जानेवारीत उलट होतं. हवेतली आर्द्रता 30 टक्क्यांखाली गेली की फिल्म पाकिटातून ओढताना घर्षणानं वीज साठते आणि ठिणगी पडते. अंधारात कधी कधी ती डोळ्यांनाही दिसते. ओल्या फिल्मवर तिची खूण हमखास ओळखू येते: पानं गळालेल्या झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या रेषा, मुकुटासारखा झुबका किंवा ठिपक्यांचा पुंजका. छातीच्या फोटोत असा पुंजका फुफ्फुसावर आला तर वाचणाऱ्याची दिशाभूल होऊ शकते, म्हणून हा दोष क्षुल्लक समजू नका.

फिल्म हळू काढा. झटक्यानं ओढू नका, दोन फिल्म एकमेकींवर घासू देऊ नका. डार्करूममध्ये लोकरी स्वेटर आणि नायलॉनचं जॅकेट नको, वर सुती एप्रन घाला. फिल्मला हात लावण्याआधी अर्थिंग असलेल्या धातूला हात लावा. सकाळी फरशी ओल्या फडक्यानं पुसा, आणि हायग्रोमीटर 30 च्या खाली उतरला तर ह्युमिडिफायर लावा.

हात आणि डार्करूम

फिल्म कडेनं धरा, दोन हातांनी, वाकणार नाही अशी. बोटाच्या टोकावर वाकली की नखाएवढी चंद्रकोर उमटते. ती फिकट असेल तर फिल्म एक्स्पोजरच्या आधी वाकली, काळी असेल तर नंतर. एवढ्या एका खुणेवरून चूक कॅसेट (एक्स-रे काढताना फिल्म ठेवायची बंद चौकट) भरताना झाली की काढताना, हे कळतं आणि नेमकं कुणाला समजावून सांगायचं तेही.

हात पूर्ण कोरडे हवेत. सॅनिटायझर लावून लगेच ड्राय फिल्मला हात लावू नका, अल्कोहोलचा डाग पडतो. अल्कोहोल उडेपर्यंत थांबा.

सेफलाइटबद्दल, म्हणजे डार्करूममधल्या फिल्मला न बाधणाऱ्या मंद दिव्याबद्दल, दोन शब्द. लाल फिल्टर, 15 वॉटचा दिवा आणि टेबलापासून किमान 4 फूट अंतर हे जुनं माप अजून बरोबर आहे. बाजारात मिळणारा लाल रंगाचा एलईडी बल्ब म्हणजे सेफलाइट नव्हे, त्यातून इतर रंगही गळतात. आणि ड्राय लेझर फिल्म तर बनवलेलीच असते लाल किंवा इन्फ्रारेड लेझरसाठी, त्यामुळे डार्करूमचा लाल दिवा तिच्यासाठी साधा उजेडच. अडकलेली कार्ट्रिज डार्करूममध्ये नेऊन लाल दिव्यात उघडली की अख्खा साठा गेला.

सेफलाइटची परीक्षा महिन्यातून एकदा घ्या. कॅसेटवर अगदी हलकं एक्स्पोजर द्या, कारण किंचित एक्स्पोज झालेली फिल्म उजेडाला जास्त नाजूक असते. ती कॅसेट पूर्ण अंधारात उघडा, फिल्म टेबलावर पसरून पुठ्ठ्यानं झाका. मग सेफलाइट लावा आणि दर मिनिटाला पुठ्ठा एकेक पट्टी सरकवा, चार मिनिटं. धुतल्यावर पट्ट्यांच्या पायऱ्या दिसल्या तर दिवा जवळ आहे, फिल्टरला तडा आहे किंवा बल्ब जास्त वॉटचा आहे. उजेडाची गळती शोधायची तर सगळे दिवे बंद करून पाच मिनिटं आत नुसते उभे राहा. डोळे सरावले की दाराची फट आणि एक्झॉस्ट फॅनची जाळी आपोआप दिसते.

ओली फिल्म पुढे किती वर्षं टिकणार हे धुण्याच्या टाकीतच ठरतं. हातानं धुताना डेव्हलपर 20 अंशांना 5 मिनिटं, 22 ला 4, 24 ला 3. नंतर 30 सेकंद पाण्यात खळबळवा, फिक्सरमध्ये 10 मिनिटं ठेवा आणि वाहत्या पाण्यात 20 मिनिटं धुवा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला ऊनच येतं. अशा पाण्यात थर मऊ पडतो, फॉग वाढतो. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नका, तो पातळ होतो. बर्फाच्या बंद पिशव्या बाहेरच्या पाण्याच्या टाकीत सोडा. तिन्ही टाक्यांच्या तापमानात 3 अंशांहून जास्त फरक पडू देऊ नका, नाहीतर थराला बारीक जाळी पडते.

फिक्सर थकला का हे असं पाहा: ताज्या फिक्सरमध्ये न धुतलेल्या फिल्मचा तुकडा किती सेकंदांत पारदर्शक होतो ते टाकी भरतानाच लिहून ठेवा. त्याच्या दुप्पट वेळ लागायला लागला की फिक्सर बदला. पाणीकपातीच्या दिवसांत 20 मिनिटांची धुलाई 5 मिनिटांवर येते, हे दरवर्षी होतं. त्या दिवशी फिल्म छान दिसते. दोन-तीन वर्षांनी ती पिवळट-तपकिरी होते, कारण उरलेला हायपो (फिक्सरमधलं रसायन) चांदीशी संयोग पावून सिल्व्हर सल्फाइड तयार करतो. वाहतं पाणी नसेल तर स्वच्छ पाण्याच्या ट्रेमध्ये दर चार मिनिटांनी पाणी पूर्ण बदलत पाच-सहा वेळा धुवा. वेळ जातो, पण तुलना जुन्या टीबीच्या फिल्मशी करायची असेल तेव्हा ती फिल्म वाचता येण्यासारखी राहते.

कॅसेटच्या आतल्या, किरणांनी उजळणाऱ्या स्क्रीनवरची धूळ पांढरे ठिपके देते. आठवड्यातून एकदा कंपनीनं सांगितलेल्या क्लीनरनं पुसा आणि कॅसेट उभी, अर्धी उघडी वाळवा.

ड्राय प्रिंटरमध्ये नव्या लॉटचं पाकीट भरलं की कॅलिब्रेशन, म्हणजे काळेपणा जुळवून घेण्याची चाचणी, चालवा. एका लॉटपासून दुसऱ्यापर्यंत काळेपणा थोडा बदलतो. प्रिंटरची मागची बाजू भिंतीला चिकटवू नका. अडकलेली उष्णता आतल्या ट्रेमधल्या फिल्मलाच लागते.

पेशंटच्या हातात गेल्यावर

सुरगाणा, पेठ, कळवणहून एसटीनं आलेला माणूस फोटो काढून परत जातो, तेव्हा त्याच्या हातातलं पाकीट पावसात, गर्दीत आणि पिशवीत दुमडून सहा-सात तास काढतं. म्हणून पाकिटात फिल्मच्या मापाचा एक जाड पुठ्ठा घाला आणि पावसाळ्यात वर साध्या पॉलिथिनची पिशवी चढवा. दोन फिल्म असतील तर मध्ये कोरा कागद. फिल्मवर रिपोर्ट स्टेपल करू नका, आणि फिल्म आत असताना पाकिटावर बॉलपेननं लिहू नका, अक्षरांचे दाब खाली उमटतात. आधी लिहा, मग फिल्म घाला.

फिल्म देताना पेशंटला किंवा नातेवाइकांना पुढचं तोंडी सांगा. दोन मिनिटं लागतात.

‘‘दादा, हे लॅमिनेशन करू नका.’’ हे सर्वांत आधी. लॅमिनेशनच्या मशिनचं तापमान 100 अंशांच्या वर असतं, म्हणजे ज्या उष्णतेनं फिल्म छापली जवळजवळ तेवढीच. रोलरमधून बाहेर येताना सीटीची आख्खी फिल्म काळी होऊन येते आणि ती परत आणण्याचा कोणताही मार्ग नाही. झेरॉक्सच्या दुकानात कागदपत्रांसोबत फिल्मही देणारे लोक बरेच आहेत, आणि त्यांची यात काही चूक नाही. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेपाशी फिल्म ठेवू नका. गरम चहाचा कप, इस्त्री, टीव्हीचा सेट टॉप बॉक्स यांच्याजवळ नको. घरी कपाटात कपड्यांमागे उभी किंवा सपाट ठेवा, वर ओझं नको, डांबरगोळ्या नकोत. मऊ पीव्हीसीच्या चकचकीत फोल्डरमध्ये घालू नका, त्यातलं मऊ करणारं द्रव्य फिल्मला चिकटतं. सोनोग्राफीचा किंवा ईसीजीचा थर्मल कागद असेल तर त्याची त्याच दिवशी झेरॉक्स काढा, तो कागद काही महिन्यांत पुसट होतो.

मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवावा. लॅपटॉपवर कोरा पांढरा पडदा पूर्ण उजळ करून फिल्म त्यासमोर धरा, खोलीतले दिवे बंद करा, फ्लॅश बंद ठेवा, आधी पूर्ण फिल्म आणि मग एकेक ओळ टिपा. निदान बदलायचं तर डॉक्टरांना मूळ फाइल लागते, म्हणून सीटी-एमआरआयची सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागून घ्या.

फिल्म भिजलीच तर जात पाहून उपाय करा. डार्करूममध्ये धुतलेल्या जातीच्या फिल्म एकमेकींना चिकटल्या असतील तर सुकू देऊ नका आणि ओढूही नका. गार स्वच्छ पाण्यात बुडवा, पाण्याखालीच हलकेच सुट्या करा आणि कोपऱ्याला क्लिप लावून सावलीत टांगा. हे एक-दोन दिवसांच्या आतच जमतं. ड्राय आणि इंकजेट फिल्म मात्र पाण्यात बुडवू नका. मऊ सुती कापडानं टिपून घ्या आणि पंख्याखाली वाळवा. हेअर ड्रायर ड्राय फिल्मला काळं करतो.

सेंटरमधली जुनी फिल्म

आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून किमान 3 वर्षं जपायच्या आणि मागणी आल्यावर 72 तासांत द्यायच्या, असं 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेचं बंधन आहे. एमएलसीची, म्हणजे पोलिस-कोर्टाशी संबंधित केसची, फिल्म प्रकरण निकाली निघेपर्यंत ठेवा, वेगळ्या कुलपात आणि वेगळ्या रजिस्टरसह.

पाकिटं उभी, वर्ष आणि अनुक्रमांकानं लावा. फळी दहापैकी नऊ भागच भरा. एक हात सहज आत गेला पाहिजे, नाहीतर काढताना शेजारची पाकिटं फाटतात. व्ह्यू बॉक्सवर (फिल्म पाहायच्या उजेडाच्या पेटीवर) ड्राय फिल्म तासभर तशीच ठेवून जाऊ नका, विशेषतः जुन्या ट्यूबलाइटच्या बॉक्सवर.

जुन्या दवाखान्यात वडिलोपार्जित साठा असेल आणि कपाट उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर तो जुन्या फिल्मचा ॲसिटेट बेस कुजल्याचा वास. अशा फिल्म लगेच वेगळ्या करा, त्यांची आम्लाची वाफ शेजारच्या फिल्मही नासवते. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या, झटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट बेसच्या फिल्म सापडणं आता दुर्मीळ आहे, पण सापडल्या तर घरात ठेवू नका. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये 15 मे 1929 ला अशाच साठ्याला आग लागली आणि विषारी वायूनं शंभरहून अधिक माणसं गेली. आजची पॉलिएस्टर फिल्म तशी पेटत नाही.

टाकून देताना

वापरलेल्या फिक्सरच्या दर लिटरमध्ये काही ग्रॅम चांदी असते. चांदीच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या नाशिकला हे वेगळं सांगायला नको, आणि म्हणूनच जुन्या फिल्म किलोवर, आणि वापरलेलं द्रावणही, विकत मागणारे लोक दारात येतात. दोन कारणांसाठी त्यांना देऊ नका. एक, 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत एक्स-रे फिल्मचं डेव्हलपिंग द्रावण पिवळ्या गटातला रासायनिक द्रव कचरा आहे. ते बेसिनमध्ये ओतलं तर गटारातून गोदावरीत जातं. झाकणाच्या प्लास्टिक कॅनमध्ये साठवा, कॅनवर तारीख घाला आणि नोंदणीकृत संस्थेलाच पावती घेऊन द्या. दोन, प्रत्येक फिल्मवर पेशंटचं नाव, वय आणि आजार आहे. फिल्म नोंदणीकृत रिसायकलरकडे जाण्याआधी नावाचा कोपरा कात्रीनं कापा, ते तुकडे वेगळ्या पिशवीत भरून त्याच खेपेत द्या, आणि किती फिल्म, कोणत्या वर्षाच्या, कुणाच्या सहीनं गेल्या हे रजिस्टरच्या त्याच पानावर लिहा जिथे त्या आल्या तेव्हा लॉट नंबर लिहिला होता.